दोन दगडफुलं

मुनिबाच्या घरात त्या झाडाला दगडफूल म्हणत, आणि हे नाव ठेवलं होतं खुद्द मुनिबानेच. झाडाचं खरं नाव लॅटिनमधलं, दोन शब्दांचं, जिभेला घाम फोडणारं. लग्नानंतर तिने ते एकदा नवऱ्याला म्हणून दाखवलं, तेव्हा यासिर म्हणाला होता, "हा झाडाचा नाव हाय की खोकल्याच्या औषधाचा?" मग तिनेही हसून नाद सोडला. दगडाच्या फटीत उगवतं, पांढरं फूल येतं, म्हणजे दगडफूलच की! तेव्हापासून "मम्मी कुठे गेली?" "दगडफुलं बघायला डोंगरावर," असं घरात चालायचं. जिचा धंदाच झाडांना नेमकं नाव देण्याचा, तिने घरात इतकं ढिलं नाव वापरावं, याचं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

खरं दगडफूल काय चीज आहे हे कोकणातल्या कुठल्याही स्वयंपाकघराला ठाऊक असतं. मसाल्यात पडतं ते, काळपट-पांढरं, कागदासारखं चुरगळलेलं. नाव फूल, पण त्याला ना फूल, ना पान, ना मूळ. आणि तव्यावर तेलात पडेपर्यंत वाससुद्धा नाही. रत्नागिरीची मुनिबा तो मसाला खातच मोठी झाली होती. तिच्या डोक्यात ही दोन दगडफुलं दोन वेगळ्या खणांत राहत, आणि सगळ्यांच्या डोक्यात तसेच खण असणार असं ती धरून चालली होती. शिकलेल्या माणसांची ही जुनीच खोड आहे.

आखातात, बौशर नावाच्या गावी एका वनस्पती-संग्रहात ती नोकरीला होती. वाळवलेली झाडं कागदावर चिकटवायची, ओळखायची आणि ज्या त्या जातीच्या कपाटात लावायची, हे तिचं काम. यासिरचं दुकान दोन तासांवरच्या सहमला, नळ, पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं. म्हणून आठवडाभर ती बौशरला मैत्रिणीकडे राही आणि गुरुवारी संध्याकाळी सहमला येई. सासूबाई खैरुन्निसा श्रीवर्धनहून आल्यापासून घर आणि नात अल्फिया, दोन्ही त्यांच्या ताब्यात होती. सासू-सुनेचं बरं जमायचं. खैरुन्निसा तिला तोंडावर "गवतवाली" म्हणत, पण शेजारणींना सांगताना त्यांचा आवाज वेगळा लागे: "माझी सून झाडांची वकील हाय. झाडा तिच्याशी खोटा बोलत नाय."

आता त्या झाडाची भानगड. जबल अखदर या उंच डोंगराच्या अगदी वरच्या अंगाला, जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं, तिथे ते कातळाच्या चिरांतून वाढतं. कूळ मोहरीचं, त्यामुळे फुलाला चारच पाकळ्या, पांढऱ्याशुभ्र. इथवर कोणाचं दुमत नाही. पण खाली घळीच्या सावलीत त्याची पानं रुंद, हिरवी, गुळगुळीत. आणि वर उघड्या कड्यावर करंगळीच्या नखाएवढी, राखी रंगाची, केसाळ. आधीच्या लोकांनी या दोन जाती मानल्या होत्या. मुनिबाचं म्हणणं, जात एकच, फक्त ऊन-सावली बघून रूप बदलणारी. कित्येक हिवाळे ती त्यासाठी डोंगर चढत होती. शेवटी एका घळीत तिला असं एक झुडूप सापडलं, ज्याच्या सावलीतल्या फांदीला रुंद पानं होती आणि उन्हातल्या फांदीला केसाळ. हातच्या कांकणाला आरसा कशाला? त्या दिवशी डोंगरावर एकटीनेच तिने टाळ्या पिटल्या होत्या.

एक गोष्ट मात्र तिने बाजूला सारली. कड्यावर एका जागी शेळ्यांनी सगळं चरून साफ केलेलं तिने पाहिलं होतं. काटेरी झुडपंसुद्धा सोडली नव्हती, आणि मधोमध ही राखी झुडपं जशीच्या तशी उभी, एकाही पानाला तोंड न लावलेलं. खालच्या घळीत मात्र त्याच शेळ्या तेच झाड मिटक्या मारत खात, आणि वाडीतल्या बायका त्याची कोवळी पानं ताकात घालत. मुनिबाने हे दोन्ही डोळ्यांनी बघितलं. पण जात ठरवायची तर पान मोजतात, पाकळी मोजतात, केस भिंगाखाली धरतात. शेळीच्या लहरी कोण मोजत बसणार? तिने ते लिहिलं नाही.

त्या शुक्रवारी ती सहमला आलीच नव्हती. शोधनिबंध पाठवायचा होता, म्हणून आठवड्याची सुट्टी तिने बौशरलाच घालवायची ठरवली. दुपारी शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. जात एकच, फार बदलती. पानं खाण्याजोगी, स्थानिक लोक ताकात घालतात. बटण दाबलं आणि निबंध गेला. तिला इतकं हलकं वाटलं की तिने भर उन्हात खाली जाऊन दाट दुधाचा करक चहा आणला आणि गाणं गुणगुणत प्यायली.

कप रिकामा व्हायच्या आत फोन वाजला. यासिर होता.

"अम्मीला उलट्या होतायत. हॉस्पिटलात आणलंय. नाडी लय हळू चालते बोलतात. तू ये, मुनिबा. आत्ता ये."

बौशर ते सहम हा रस्ता तिच्या पायाखालचा, पण त्या दिवशी तो संपेना. खजुराच्या बागा गेल्या, पेट्रोलपंप गेले, आणि तिच्या डोक्यात एकच विचार: अम्मींच्या गोळ्या. रक्तदाबाची गोळी त्या सकाळी घेत, त्या गोळीने नाडी मंदावते हे डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन पुढच्या महिन्यात श्रीवर्धनला जाऊन करायचं होतं. न दिसल्यामुळे गोळी दोनदा घेतली असेल. वाईट होतं, पण समजण्यासारखं होतं. समजण्यासारख्या संकटाचा माणसाला थोडा आधार वाटतो.

हॉस्पिटल लहान होतं. दालनाच्या बाहेर अल्फिया शुक्रवारचा झगमगीत फ्रॉक घालून बाकावर बसली होती. आईला बघताच ती येऊन बिलगली.

"मम्मी, दादी माझ्या फ्रॉकला यलो बोलली. हा तर व्हाइट आहे ना?"

आत खैरुन्निसा डोळे मिटून पडल्या होत्या. मुनिबाने हात धरला तर गार. त्यांनी डोळे किलकिले केले.

"आलीस, बाय? इथली बत्ती अशी पिवळी कशाला लावली गो? सगळ्यांची तोंडा हळद लावल्यासारखी दिसतात."

मुनिबाने वर बघितलं. दिवा पांढराशुभ्र होता.

"मोतीबिंदूने होतंय तसा," यासिर मागून म्हणाला. त्याचा चेहरा उतरलेला होता आणि ओठ सुकले होते.

डॉक्टर इरफान तरुण होते, हैदराबादचे, बोलणं हिंदीत. त्यांनाही गोळीचाच संशय होता. "मांजी ने गोली डबल ले ली होगी, भाभी. उमर में होता है. दवा शुरू की है, यहीं रखेंगे, रातभर देखेंगे." मुनिबाने मान हलवली. तिलाही तेच ऐकायचं होतं. मग सवयीने, खरं तर काहीतरी विचारायचं म्हणून तिने विचारलं, "दुपारी जेवण काय होतं?"

"मटणाचा सालन आणि तांदळाच्या रोट्या," यासिर म्हणाला. "अम्मीने नवीन मसाला केला ना काल. पाकिटातला तिला चालत नाय. धणे, मिरच्या, खसखस, सगळा सामान इथलाच. दगडफूल तेवढा मी आणला. तुझ्या डोंगरावरून."

"माझ्या डोंगरावरून?"

"तुझाच दगडफूल." त्या सगळ्या काळजीतही त्याच्या आवाजात जराशी ऐट आली. "गेल्या आठवड्यात वरच्या हॉटेलला मोटारी पोचवायला गेलो नाय काय? अम्मीचा फोन आला, येताना दगडफूल आण. मी बोललो, अरे, ह्याच्यासाठी दुकान कशाला? वळणावर कड्यात भरपूर होता. तुला सरप्राइज देणार होतो."

यासिरला नवरा म्हणून नावं ठेवायला जागा नाही. पण स्वयंपाकाच्या बाबतीत तो असा, की घरात साखर संपली तर मिठाच्या बरणीत चमचा घालेल. आईच्या मसाल्यात दगडफूल पडतं हे त्याने लहानपणापासून ऐकलं होतं. बायको डोंगरावर दगडफूल बघायला जाते हे लग्नापासून ऐकत होता. दोन्हीकडे एकच शब्द, मग वस्तूही एकच. त्याने फोन काढून फोटो दाखवला. कड्याला टेकून हसणारा यासिर, हातात झुडपांची मूठ. राखी, केसाळ, नखाएवढी पानं, आणि वर चार पाकळ्यांची पांढरी फुलं.

मुनिबाने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला.

"ते मसाल्यातलं नाही, यासिर! मसाल्यातलं दगडफूल वेगळं. हे झाड आहे, माझं झाड!"

"मग तू त्याला दगडफूल कशाला बोलतेस?"

दोन नावांची एक वस्तू करण्यासाठी ती वर्षानुवर्षं डोंगर चढली, आणि घरात मात्र दोन वस्तूंना एकच नाव देऊन बसली. यासिर चुकला होता, पण त्याला चुकायची वाट तिनेच झाडून ठेवली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडणार कोणावर?

"पण अम्मींनी ओळखलं कसं नाही?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला कळलं. यासिरने ते उन्हात वाळवून, चुरून पिशवीत भरून दिलं होतं. वाळलेला, राखी, हलका, कागदी चुरा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना आणि बोटांना ते दगडफूलच वाटणार. आणि भाजल्याशिवाय दगडफुलाला वास नसतोच.

"तव्यावर टाकला तवा अम्मी बोलली, वास नाय सुटला," यासिर हळू आवाजात म्हणाला. "बोलली, इथल्या मालाला वास नसतो. मग चिमूट चिमूट तोंडात टाकून बघत होती. आणि वास येत नाय म्हणून दुप्पट घातला."

डॉक्टर इरफान बाजूलाच उभे होते. मराठी त्यांना अर्धीमुर्धी कळत होती, पण झाड, मसाला आणि फोटो इतकं कळायला भाषा लागत नाही. त्यांनी फोटो हातात घेतला आणि आपल्या हिंदीत विचारलं.

"भाभी, यासिरभाई सांगत होते की तुम्ही याच झाडाच्या एक्स्पर्ट आहात. तर सरळ सांगा. यात विष आहे?"

मुनिबाने पुन्हा फोटोतल्या राखी पानांकडे बघितलं.

"का विचारतो ते ऐका. गोळीने झालं असेल तर इलाज इथेच आहे, आणि अशा नाडीवर त्यांना हलवणं मी धोक्याचं समजतो. पण काही झाडांत हृदय मंद करणारं विष असतं. त्यावर एक इंजेक्शन आहे, फक्त त्याच विषावर चालणारं. ते इथे नाही, सोहारच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. तसं असेल तर त्यांना आत्ता न्यायला हवं, तपासण्यांची वाट बघत बसायला वेळ नाही. सगळ्यांनी तेच जेवण खाल्लं आणि फक्त मांजी आजारी पडल्या, म्हणून मला गोळीच वाटते. पण तुम्ही सांगा. हां या ना?"

"ना बोल ना, मुनिबा," यासिर म्हणाला. "तूच तर बोलतेस, दोन्ही एकच जात. खालच्या बायका ताकात घालून खातात. तू लिहिलंस पण तसा."

तिने खरोखरच तसं लिहिलं होतं. त्याच दुपारी, स्वतःच्या नावानिशी. आणि देवाशपथ, तिलाही "नाही" म्हणायचं होतं. निबंधासाठी नव्हे, तो गेला खड्ड्यात. बाहेर बाकावर अल्फिया बसली होती, आणि तेच सालन तिच्याही पोटात होतं. मुनिबाने "नाही" म्हटलं की अल्फिया धडधाकट, यासिर धडधाकट, आणि अम्मींचं दुखणं म्हणजे एक चुकून घेतलेली गोळी. एका शब्दात सगळं घर सुखरूप होत होतं.

ती बाहेर गेली आणि अल्फियासमोर उकिडवी बसली.

"तू दुपारी सालन खाल्लंस?"

"नाय, मम्मी. इट वॉज सो तिखट. मी दही आणि रोटी खाल्ली." मग जरा थांबून, "थोडंसं खाल्लं. दादी बोलली एक घास खा, म्हणून."

"पोटात दुखतंय? मळमळतंय?"

अल्फियाला मळमळ हा शब्द माहीत नव्हता. मुनिबाने हाताने करून दाखवलं तेव्हा तिने मान हलवली. नाही.

मुनिबा वळली. यासिर भिंतीला टेकून उभा होता.

"आणि तू?"

"मना काय धाड भरली?"

"यासिर, खरं सांग."

"झाली दोनदा उलटी," तो नजर चुकवत म्हणाला. "अम्मीचा बघून टेन्शन आला, म्हणून असेल."

तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे तो कडा उभा राहिला. चरून साफ केलेली जमीन, टोकाला कुरतडलेले काटे, आणि मधोमध न शिवलेली राखी झुडपं. शेळी सिमेंटच्या गोणीचा कागद खाते, पुठ्ठा खाते, वाळत घातलेली ओढणी खाते. ती शेळी उपाशीपोटी ज्या झाडाला वळसा घालून गेली, ते झाड मुनिबाने भिंगाखाली धरून खाण्याजोगं ठरवलं होतं. मोहरीच्या कुळात माणसाला मारणारं सहसा काही नसतं, असं तिला शिकवलं होतं. सहसा. त्याच कुळात एक-दोन झाडं अशी आहेत की ज्यांच्यात हृदयाचं विष निघतं, हेही तिला माहीत होतं. फक्त आपल्या झाडाबद्दल हा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता. तिने केस मोजले होते. केसांच्या आत काय आहे हे बघितलं नव्हतं.

आणि जात एकच असली म्हणून काय झालं? हाताची पाचही बोटं सारखी नसतात. सावलीतलं झाड गोड आणि उन्हात तापलेलं तेच झाड कडू, असं का असू नये? तिचा निबंध पूर्ण खरा असला, तरी त्या खाटेवरच्या म्हातारीसाठी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा तिला नुसती लाज नाही, भीती वाटली.

ती आत आली.

"डॉक्टर, विष आहे असं धरा. सोहारला न्या."

"पक्का?"

"नाही. मला पक्कं माहीत नाही. माझा निबंध म्हणतो, विष नाही. पण शेळ्या याला तोंड लावत नाहीत. माझ्या नवऱ्याला उलट्या झाल्यात. आणि अम्मींना पांढरा दिवा पिवळा दिसतोय, तो मोतीबिंदूमुळे असता तर आज अचानक कसा दिसला असता?"

शेवटच्या वाक्याला डॉक्टर इरफान थबकले. "पिवळा? हे मला कोणी सांगितलं नाही. त्या विषात असंच दिसतं." ते खाटेकडे गेले, वाकून खैरुन्निसांना दोन प्रश्न विचारले आणि सरळ होत नर्सला म्हणाले, "अँब्युलन्स. यल्ला, जल्दी."

"वाटेत काय झाला तर?" यासिरने मुनिबाचं मनगट धरलं. "तूच बोललीस ना की पक्का माहीत नाय? मग माझ्या आईला कशाला हलवतेस?"

"वाटेत काही झालं तर ते माझ्यावर," मुनिबा म्हणाली. इतकी वर्षं तिने झाडांची नावं लावली, एकाही नावाखाली माणूस निजलेला नव्हता.

अँब्युलन्समध्ये ती पुढे बसली आणि मागे वळून बघत राहिली. यंत्रावरची टिकटिक इतकी सावकाश होती की दर वेळी पुढचा ठोका आता यायचाच नाही असं वाटे. यासिर आणि अल्फिया मागून गाडीने येत होते, दोघांनाही सोहारला तपासायचं होतं. एकदा खैरुन्निसा पुटपुटल्या, "मसाला झाकून ठेवला काय गो? मुंग्या लागतील." मुनिबा "होय अम्मी" म्हणाली आणि खिडकीकडे तोंड वळवून रडली.

सोहारला इंजेक्शन दिलं. त्यानंतरचे तास कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी असे तास काढलेत त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी काढले नाहीत त्यांना न कळो. अल्फियाला विष शोषणारं कोळशाचं काळं औषध पाजलं, ते तिने फ्रॉकवर सांडलं आणि आईवर रागावून बापाच्या कुशीत झोपली. पहाटे फजरच्या बांगेच्या सुमाराला टिकटिक जराशी जवळ जवळ यायला लागली. सकाळी खैरुन्निसांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, "आता बत्ती बरी हाय."

ते इंजेक्शन त्याच विषावर चालतं, दुसऱ्या कशावर नाही. म्हणजे शंकेला जागा उरली नाही. सोहारच्या डॉक्टरणीने मुनिबाचं कौतुक केलं, वेळेवर आणलंत म्हणाली. मुनिबाला ते कौतुक गिळवेना. तिने तिथेच बाकावर बसून फोनवरून संपादकांना चार ओळी लिहिल्या: निबंध मागे घेत आहे, कृपया छापू नये.

"म्हणजे दोन जाती हायत?" यासिरने विचारलं. रात्रभरात त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"माहीत नाही. एकच असेल. दोनही असतील. आता पुन्हा पहिल्यापासून बघायचं."

"मी आणला तो," यासिर म्हणाला. "माझ्या हाताने आणला."

"नाव मी ठेवलं," मुनिबा म्हणाली. यापलीकडे दोघांनी त्यावर भांडण केलं नाही, आणि समजूतही घातली नाही.

चार दिवसांनी खैरुन्निसा घरी आल्या. मसाल्याची बरणी तपासणीला गेली होती, तवा यासिरने कचऱ्यात टाकला होता. सगळं पूर्ववत झालं असं म्हणायला हरकत नव्हती. फक्त एक गोष्ट बदलली. जन्मभर जिने दुसऱ्यांना वाढलं, कोणाच्या घरी काय पुढे आलं ते बिस्मिल्ला म्हणून खाल्लं, ती बाई आता ताट पुढे आलं की आधी विचारायची, "ह्यात काय हाय?" रागाने नाही, टोमणा मारून तर नाहीच. लहान मूल अंधारात जाताना विचारतं तसं विचारायची. मुनिबा एकेक नाव सांगे. तांदूळ, मीठ, डाळ, हळद, जिरं. खैरुन्निसा प्रत्येक नावाला मान हलवत आणि मगच घास घेत. मुनिबाला दर जेवणाला ते ऐकताना कापल्यासारखं होई. तिने महिनाभराची रजा टाकली होती. पहिला घास ती स्वतः घ्यायची, कोणी सांगितलं नसताना.

एका सकाळी खैरुन्निसा स्वतःहूनच म्हणाल्या, "असा बिनमसाल्याचा किती दिवस खायाचा? यासिरला सांग, सामान आण. मी करते."

यासिरने भारतीय किराणा दुकानातून सगळं आणलं, प्रत्येक गोष्ट बंद पाकिटात, पाकिटावर नाव छापलेलं. दगडफुलाचं पाकीट आणताना त्याने दुकानदाराला इतके प्रश्न विचारले की तो वैतागला म्हणे. खैरुन्निसा नव्या तव्यापुढे बसल्या. धणे भाजले, मिरच्या भाजल्या, खसखस भाजली. मग त्यांनी दगडफुलाचं पाकीट उचललं, बोटांनी चाचपलं आणि मुनिबाकडे धरलं.

"तू बघ. तू होय बोललीस तर घालते. नाय तर नको."

"अम्मी, तुम्हीच..."

"माझ्या बोटांचा भरवसा गेला, बाय. तू सांग."

यात बघण्यासारखं काही नव्हतं. कोकणातलं शेंबडं पोरही दारातून ओळखेल इतकं ते दगडफूल होतं. मुनिबाने पाकीट फोडून चुरा थाळीत ओतला. मग ती आत गेली आणि कामाचं भिंग घेऊन आली. थाळी घेऊन खिडकीपाशी उभी राहिली आणि एकेक तुकडा उलटून बघायला लागली. काळी बाजू, पांढरी बाजू. केस नाहीत. देठ नाही. पाकळी नाही. पुढचा तुकडा. काळी बाजू, पांढरी बाजू.

"मम्मी," अल्फिया म्हणाली, "ते दगडफूल तर आहे. पॅकेटवर पण लिहिलंय."

"थांब जरा."

खैरुन्निसांनी गॅस बारीक केला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. त्यांनी घाई केली नाही. थाळीतला शेवटचा तुकडा उलटून झाला तरी मुनिबाने थाळी परत दिली नाही. तिने तो तुकडा पुन्हा उचलला, पुन्हा भिंगाखाली धरला आणि खाली ठेवला.

"होय, अम्मी," ती शेवटी म्हणाली. "मसाल्यातलं आहे."

खैरुन्निसांनी थाळी घेतली, तव्यावर तेलाचा थेंब सोडला आणि चुरा टाकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग तो वास सुटला, ओळखीचा, जमिनीतून आल्यासारखा, आणि सगळ्या घरात पसरला.

"आला बघ," खैरुन्निसा म्हणाल्या.

मुनिबाच्या हातातलं भिंग ओट्यावर पडलं. ती तिथेच टेकून हमसून हमसून रडायला लागली. अल्फिया घाबरून बघत राहिली. खैरुन्निसांनी एका हाताने कालथा चालूच ठेवला आणि दुसरा हात सुनेच्या पाठीवर ठेवला.

"पुरे, बाय," त्या म्हणाल्या. "मसाला करपतो."